पांढरा कापूस, काळी माती आणि खिशातला कॅमेरा



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय येऊन गेले. त्यांच्या पंक्तीला आज मूठभर आकाराचे एक यंत्र आणून बसवावयाचे म्हणजे थोडे धाडसच. परंतु ज्या यंत्राने गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या घरांतील बारशी, मुंजी, लग्ने, निकाह, सहली आणि वडीलधाऱ्यांची शेवटची हसरी मुद्रा टिपून ठेवली, त्याच्यासाठी एक तास खर्ची घातला तर तो अगदीच वाया जाईल असे आम्हांस वाटत नाही. हे यंत्र म्हणजे खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा.

या कॅमेऱ्याचे आयुष्य मोठे चमत्कारिक. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य याच खिशातल्या जातीचे होते. पुढे मोबाइलला चांगले डोळे फुटले आणि २०२३ साली या जातीची संख्या २० लाखांच्याही आत आली. आपल्या घरी तो कपाटात, साड्यांच्या घडीमागे जाऊन बसला. आता गंमत अशी की, कॉलेजात जाणारी मुलेमुलीच तो पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. त्यांना त्याचे रंग आवडतात म्हणे. पण त्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका केव्हाच रद्दीत गेलेली असते, आणि मग सारा कारभार त्या हिरव्या 'ऑटो' खुणेवर चालतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ती हिरवी खूण सरासरी जगासाठी केलेली आहे. हे जग ना फार पांढरे, ना फार काळे, मध्यम राखाडी आहे, असे कॅमेरा गृहीत धरून चालतो. आणि आपला परभणी जिल्हा तर पांढऱ्या कापसाचा आणि काळ्या मातीचा! तेव्हा जपानात बसून केलेला हा हिशेब आपल्या बांधावर चुकणारच. तो दुरुस्त करण्याचे साधन त्याच कॅमेऱ्यावर आहे, फक्त ते आपण वापरीत नाही.

ते साधन हाती घेण्यापूर्वी यंत्राचे पोट थोडे उघडून पाहू. पुढे भिंग, त्याच्या मागे प्रकाश कमीअधिक आत घेणारे छिद्र म्हणजे ॲपर्चर, त्यामागे उघडमीट करणारे शटर, आणि सर्वांत मागे, जेथे पूर्वी फिल्म असे तेथे, सेन्सर. प्रकाशाचे विजेच्या भारात रूपांतर करून तो मोजता येतो, ही युक्ती विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुचली. त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते थेट २००९ साली! १९७५ च्या अखेरीस कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात ठिपके अवघे १०,०००, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज आपण शटर दाबल्यावर क्षणभर थांबावे लागले तरी कुरकुरतो.

सेन्सर स्वतः रंगांधळा असतो, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. त्याला फक्त उजेड किती एवढेच कळते. म्हणून कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी त्याच्यावर रंगीत काचांची जाळी बसविली. चार घरांत दोन हिरवी, एक तांबडे, एक निळे. बाकीचे रंग यंत्र शेजारच्या घरांकडे विचारपूस करून ताडते. हिरव्याला दुप्पट जागा दिली, कारण मनुष्याच्या डोळ्यास बारकावे हिरव्यातच अधिक उमगतात.

आता हा सेन्सर केवढा असतो? साध्या खिशातल्या कॅमेऱ्यात त्याची लांबीरुंदी सुमारे ६ मिलिमीटर आणि साडेचार मिलिमीटर. म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा म्हणा! जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची होती. क्षेत्रफळ काढले तर ती याच्या तीसपट भरते. काही महाग खिशातल्या कॅमेऱ्यांत 'एक इंची' म्हणविणारा सेन्सर असतो. तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचाच असतो, पण साध्यापेक्षा चौपट मोठा. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो. आपण सेन्सरचा आकार विचारावा. पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे चार बाय सहा इंचांच्या छापील फोटोस दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, आणि १२ मेगापिक्सेलचे चित्र १३ बाय १० इंच उत्तम छापता येते. याहून मोठा फोटो आपण आयुष्यात किती वेळा भिंतीवर लावतो? डाळीच्या दाण्यावर घरांची संख्या वाढवीत नेली की प्रत्येक घर आणखी लहान होते, त्याच्या वाट्याला प्रकाश थोडा येतो, आणि अंधारात चित्रावर रांगोळी सांडल्यासारखे कण दिसू लागतात.

प्रकाशाच्या मोजमापाच्या कळा तीन. नळाखाली घागर भरावयाची तर तोटी किती उघडली आणि किती वेळ उघडी ठेवली, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तोटी म्हणजे ॲपर्चर, वेळ म्हणजे शटर. ॲपर्चरचा आकडा उलटा चालतो. एफ २.८ म्हणजे मोठे छिद्र, एफ ८ म्हणजे लहान. तिसरी कळ आयएसओची. तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. आयएसओ वाढविल्याने कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येत नाही. या सभागृहातला ध्वनिक्षेपक पाहा. वक्त्याचा आवाज बारीक असला तर आपण यंत्राचा कान पिळतो. मग वक्ताही मोठ्याने ऐकू येतो आणि त्याच्याबरोबर खरखरही. आयएसओचे तसेच आहे. १०० वर चित्र स्वच्छ, ४०० पर्यंत सुसह्य, आणि डाळीएवढ्या सेन्सरवर १६०० केले की नुसती खरखर.

फिल्मच्या काळापासून छायाचित्रकारांचा एक आडाखा आहे. स्वच्छ उन्हात एफ १६ आणि आयएसओचा आकडा उलटा करून येईल तेवढे शटर. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. आपल्या कॅमेऱ्यात एफ १६ नसतेच. मग एफ ८ ला १/४००, एफ ४ ला १/१६००. परभणीच्या उन्हाची ही जंत्री पाठ असली की कॅमेऱ्याने काही भलतेच आकडे दाखविले तर लगेच शंका येते. आणखी एक, इतक्या लहान सेन्सरवर एफ ८ केले की प्रकाश छिद्राच्या कडेवर पसरतो आणि चित्र किंचित मऊ होते. म्हणून एफ ४ च्या आसपास राहावे. स्वस्त कॅमेऱ्यांत तर ॲपर्चर बदलतच नाही, एक काळसर काच मध्ये सरकते इतकेच. अशा कॅमेऱ्यावर हा खटाटोप करू नये.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. शटरचे बटण अर्धे दाबले की कॅमेरा दोन कामे करतो, अंतर साधतो आणि उजेड मोजतो. मोजलेला उजेड सुमारे १८ टक्के परावर्तन करणाऱ्या राखाडी वस्तूवरून आला आहे, असे धरून तो छिद्र, वेळ आणि आयएसओ ठरवितो. समोर काय आहे हे त्याला खरोखर ठाऊक नसते. चेहरे ओळखणारे, दृश्ये ओळखणारे नवे कॅमेरे थोडे शहाणे झाले आहेत, हे खरे, पण मूळ स्वभाव गेलेला नाही.

समजा, कार्तिकात वेचणीला आलेल्या कापसाच्या शेतात आपण उभे आहोत. फुटलेली बोंडे, वर ऊन, समोर वेचणाऱ्या बायका, डोक्याला पांढरी फडकी. इतका पांढरा उजेड पाहून कॅमेरा घाबरतो. त्याला वाटते, उजेड फार झाला. तो शटर झटकन मिटतो. परिणाम काय? पांढरे सोने धुरकट, राखेत लोळवल्यासारखे, आणि वेचणाऱ्या बायकांचे चेहरे काळेठिक्कर. आमच्या पाहण्यात असे शेकडो फोटो आले. लोक म्हणतात, कॅमेरा वाईट. वस्तुतः त्याने आज्ञेप्रमाणे पांढऱ्याचे राखाडी केलेले असते.

उलट प्रकार जिंतूर तालुक्यात चारठाण्याला पाहावा. तेथील जुनी देवळे, तो कोरीव उंच स्तंभ, सारे काळ्या बेसाल्टचे. गोदाकाठच्या धारासूरला गुप्तेश्वराच्या मंदिरावरील मूर्तीही तशाच काळ्या दगडाच्या. येथे कॅमेऱ्याला वाटते, फार अंधार आहे. तो शटर अधिक वेळ उघडे ठेवतो, आणि शतकानुशतके काळा असलेला दगड सिमेंटच्या खांबासारखा फिकट उतरतो. त्यावरची मेखला, बोटांतली अंगठी, केसांची गुंफण, जे पाहावयास आपण एवढी पायपीट केली, तेच धुवून निघते. नांगरलेल्या काळ्या रानाचेही असेच. पहिल्या पावसानंतरची ती ओली, चकाकणारी काळी ढेकळे फोटोत खडकाळ माळासारखी दिसतात.

याचा उपाय म्हणजे ते अधिक-उणे चिन्हाचे बटण. बहुतेक कॅमेऱ्यांवर एका छोट्या चौकोनात तिरकी रेघ, तिच्या एका अंगाला अधिक, दुसऱ्या अंगाला उणे, अशी खूण असते. ती दाबली की उणे २ पासून अधिक २ पर्यंत पट्टी उघडते. प्रत्येक पायरी एक तृतीयांशाची. अधिक १ म्हणजे दुप्पट प्रकाश, उणे १ म्हणजे निम्मा. नियम ऐकताना उलटा वाटतो म्हणून सावकाश सांगतो. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. कापसाला अधिक दोन तृतीयांश ते अधिक १. चारठाण्याच्या स्तंभाला उणे दोन तृतीयांश. पांढऱ्या धोतर-टोपीतले आजोबा चुन्याच्या भिंतीपुढे बसले असतील तर अधिक १. एवढे केले की पांढरे पांढरे राहते आणि काळे काळे.

मात्र हिरव्या खुणेवर हे बटण बहुधा कुलूपबंद असते. चकती फिरवून 'पी' वर आणावी लागते. 'पी' वर छिद्र आणि वेळ कॅमेराच ठरवितो, पण आपली दुरुस्ती ऐकून घेतो. 'एम' म्हणजे सर्वस्वी आपला कारभार, 'ए' किंवा 'एव्ही' म्हणजे छिद्र आपले, 'एस' किंवा 'टीव्ही' म्हणजे वेळ आपली. पळणारा मनुष्य, डोंगर, मेणबत्ती, बाळ अशा चित्रांच्या ज्या खुणा असतात, त्यांच्यात आम्हांस विशेष गोडी नाही. ज्याला 'पी' आणि अधिक-उणे कळले, त्याचे नव्वद टक्के काम तेथेच होते.

एक सावधगिरी बाळगावयास हवी. डिजिटल चित्रात एकदा पांढरे जळले की तेथे काही उरत नाही. जुन्या निगेटिव्हमध्ये जास्त प्रकाश पडला तरी छापताना काहीतरी हाती लागे. येथे जळलेल्या बोंडात धागा शोधू गेलात तर कोरा कागद. म्हणून फोटो काढल्यावर पडद्यावर पाहताना माहितीचे बटण दाबून आलेख पाहावा. त्याची टेकडी उजव्या भिंतीला चिकटून बसली असेल तर एक पायरी मागे यावे. उन्हात पडद्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवू नये, आलेखावर ठेवावा.

हे सारे केवळ सौंदर्यासाठी आहे असे कोणी समजेल, म्हणून दुसरी बाजू सांगतो. सन २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. गोदाकाठची शिवारे पाण्याखाली गेली, सोयाबीन आणि कापूस उभ्याचे आडवे झाले. कित्येकांनी आपापल्या शेतांचे फोटो काढून ठेवले. त्यांतले काही आम्ही पाहिले. साचलेल्या पाण्यात आभाळ चकाकत होते. ती चकाकी पाहून कॅमेऱ्याने आणि मोबाइलनेही सारे चित्र काळवंडून टाकले होते. पाणी होते ते दिसे, पण पाण्यात कुजलेले पीक कोणते, शेंगा किती, हे काही दिसेना. ज्या फोटोवर घरची वर्षभराची भाकरी अवलंबून, त्यात नेमके पीकच काळे! अशा वेळी अधिक १ करावे, आभाळ जळले तर जळू द्यावे. आणि एकच फोटो काढू नये. एक लांबून, ज्यात बांध, विहीर किंवा ओळखीचे झाड येईल. एक मधल्या अंतरावरून. एक अगदी जवळून, हाताच्या पंजासह, म्हणजे आकार कळतो.

त्याच ओघात तारखेचे सांगून टाकतो. प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेरा तारीख, वेळ, छिद्र, शटर, सारे लिहून ठेवतो. कपाटातून काढलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी दीर्घकाळ निकामी राहिलेली असते, आणि त्याचे घड्याळ मागे कोठल्या तरी जानेवारीच्या पहिल्या तारखेला जाऊन बसलेले असते. मग या वर्षीचे नुकसान पंधरा वर्षांपूर्वीच्या तारखेने नोंदले जाते, आणि पुरावाच उलटतो. कॅमेरा हाती घेतल्यावर पहिले काम घड्याळ लावण्याचे. मूळ फाइल कार्डावर आणि संगणकावर जपावी. व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे पाठविलेला फोटो लहान होतो आणि त्याच्या पोटातली ही नोंदही गळून जाते. पाहण्यास ठीक, पुराव्यास दुबळा.

उन्हाकडे वळू. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी बाराचे ऊन टोपीखाली, पदराखाली, फेट्याखाली काळी सावली पाडते. डोळ्यांच्या जागी दोन खळगे दिसतात. येथे लोकांना नवल वाटेल, पण फ्लॅश लावावा. हो, भर उन्हात. कॅमेऱ्याला ते आपणहून सुचत नाही, म्हणून विजेच्या खुणेवर जाऊन फ्लॅश सक्तीने चालू करावा लागतो. तो सावली भरून काढतो. उलट जेथे सगळे फ्लॅश लावतात, तेथे तो बंद ठेवावा. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून व्यासपीठावरच्या वक्त्यावर फ्लॅश मारणारे आज येथेही दोघेतिघे आहेत. त्यांचा राग नाही, पण या चिमुकल्या फ्लॅशची धाव दहा-बारा फुटांची. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. इतक्या लांबून फक्त पुढच्या रांगेतल्या सज्जनांची टाळकी उजळतात.

देवळाच्या गाभाऱ्यात तर फ्लॅश म्हणजे शिल्पाचा शत्रू. समोरून आदळलेला उजेड सगळ्या सावल्या खातो, आणि शिल्प म्हणजे शेवटी सावल्याच. सकाळी कोवळे ऊन तिरपे येते तेव्हा जावे. नसेल जमत तर फ्लॅश बंद, आयएसओ १००, आणि कॅमेरा कशावर तरी स्थिर टेकवून अर्धा-एक सेकंद शटर. तिवई जवळ नसते. आम्ही एक साधी युक्ती सांगतो. कापडाची हातभर पिशवी शिवावी, तीत किलोभर ज्वारी भरावी. ती 'परभणी मोती'च असली पाहिजे असे नाही! ही पिशवी कट्ट्यावर, खांबाच्या तळखड्यावर ठेवून तीत कॅमेरा रुतवला की हलत नाही. बटण दाबताना होणारा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टाइमर लावावा. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुहांसारख्या ठिकाणी दारे ठेंगणी, आत उजेड बेताचा. तेथे हाच उपाय. अर्थात जेथे फोटोस मनाई असेल तेथे विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये, आणि नाही म्हटले तर हुज्जत घालू नये.

हात किती स्थिर हवा, याचाही एक हिशेब आहे. भिंगाची जेवढी मिलिमीटर, जुन्या फिल्मच्या मापाने, तेवढ्याचा उलटा आकडा शटरला हवा. रुंद दृश्याच्या टोकाला २८ मिलिमीटर असेल तर १/३०, झूम करून १४० ला गेलात तर १/१५० च्या आसपास. शिवाय झूम केले की छिद्रही आकसते. एफ २.८ चे एफ ५.६ होते, म्हणजे प्रकाश चौथाई. लग्नमंडपात झूम केलेले फोटो हललेले का येतात, याचे कारण हे. चार पावले पुढे जाणे केव्हाही स्वस्त. कॅमेऱ्यात जे कंपन-निवारण असते ते आपल्या हाताचे कंप सावरते. आंतरपाट दूर झाल्यावर उडणाऱ्या अक्षता किंवा धावणारी नात थांबविणे त्याच्या आवाक्यातले नाही, त्यासाठी शटरच वेगवान हवे. आणि डिजिटल झूम नावाची जी सोय असते, ती बंद करून टाकावी. ती चित्र कापते आणि ताणते. कात्री घरीही आहे.

रंगांविषयी दोन शब्द. ऊन पांढरे, पिवळा बल्ब तांबूस, सावली निळसर. आपला मेंदू हा फरक गिळून टाकतो, कॅमेऱ्याला तो हिशेबाने काढावा लागतो. यास पांढऱ्याचा समतोल, व्हाइट बॅलन्स, म्हणतात. 'ऑटो'वर तो बहुधा बरा चालतो, पण मावळतीला फसतो. गंगाखेडच्या घाटावर संध्याकाळी गोदावरीवर जे सोने पसरते, त्याला कॅमेरा दोष समजून पुसून टाकतो. तेथे समतोल 'ऊन' किंवा 'ढग' या खुणेवर बांधून ठेवावा. फेब्रुवारीच्या प्रारंभी परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, तेथील रोषणाईलाही हेच लागू. आकाशपाळणा रात्री टिपावयाचा तर ज्वारीची पिशवी, समतोल 'ऊन', शटर एक सेकंद. दिव्यांची चक्रे उमटतात, मुले फार खूश होतात.

फुलाची खूण असते ती जवळच्या चित्रणाची. आपल्या जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि गुलाबी बोंडअळी काय करते हे शेतकऱ्यांना सांगावयास नको. शास्त्रज्ञाला अळी दाखवावयाची तर बोंड उकलून फोटो असा काढावा की अळीचा रंग आणि माप दोन्ही कळेल. फुलाची खूण लावावी, झूम पूर्ण मागे घ्यावा, कारण बहुतेक कॅमेरे रुंद टोकालाच अगदी जवळचे साधतात. काही तर दोन-चार सेंटिमीटरवरही. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. ऊन थेट न घेता पांढऱ्या रुमालाच्या सावलीत घ्यावे, आणि कॅमेऱ्याची स्वतःची सावली पडू देऊ नये. अर्धे बटण दाबल्यावर चौकट हिरवी होईपर्यंत थांबावे. हिरवी न होता लाल लुकलुकली तर आपण फार जवळ गेलो, इंचभर मागे यावे. पुष्कळ लोक अर्धे दाबणे माहीतच नसल्यामुळे बटण एकदम ठोकतात, आणि मग अळीऐवजी मागचे पराटीचे झाड स्पष्ट येते.

शेवटी जपणुकीचे. बहुतेक पुस्तिकांत लिहिलेले असते की हा कॅमेरा ४० अंशांपर्यंत चालवावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आणि बंद मोटारीत त्याहून कितीतरी वर. तेव्हा उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नये. धूळ भिंगाच्या नळीत शिरली की भिंग बाहेर येताना अडते. शेतात नेताना प्लास्टिकची पिशवी पुरे. फुगलेली बॅटरी दिसली तर चार्जरला लावूच नये. आणि २००६ पूर्वीचे कित्येक कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखत नाहीत. मुले नवे ३२ जीबीचे कार्ड घालतात, कॅमेरा नकार देतो, आणि बिचारा भंगारात निघतो. त्याला लहान कार्ड शोधून द्यावे.

आमच्या वाट्याची वेळ संपत आली. ज्यांनी आपापले कॅमेरे बरोबर आणले आहेत त्यांनी व्यासपीठाच्या उजव्या बाजूस यावे. येथे टेबलावर काळ्या दगडाचा एक तुकडा आणि कापसाची चार फुटलेली बोंडे ठेवली आहेत. प्रथम प्रत्येकाचे घड्याळ लावू, मग अधिक-उणेचे बटण कोठे आहे ते शोधू, आणि दोन्हींचे फोटो काढून पाहू.